उसना श्वास

पंधरा मिनिटांचें एखादें भाषण ऐकून संपेपर्यंत ऐकणारा माणूस सुमारें सव्वादोनशें वेळां श्वास घेतो आणि त्यांपैकीं एकाचीही त्याला आठवण राहत नाहीं. दिवसाकाठीं हाच आंकडा वीस हजारांच्या घरांत जातो. झोपेंत, जेवतांना, भांडतांना, पोथी वाचतांना छातीचा हा व्यापार अखंड चाललेला असतो. अन्नावांचून माणूस कांहीं आठवडे काढूं शकतो, पाण्यावांचूनही दोनतीन दिवस निघतात. श्वासावांचून मात्र चारपांच मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरूं लागतात. जीव आणि श्वास या दोहोंना आपल्या भाषेंत ‘प्राण’ हा एकच शब्द आहे, तो कांहीं उगाच नव्हे.

हा व्यापार रोग्याला स्वतः चालवितां येईनासा झाला, तर दुसऱ्या कोणाला तो त्याच्या वतीनें चालवितां येईल काय? या प्रश्नाच्या मागें वैद्यक चारशें वर्षें लागलें होतें. त्याचें खरें उत्तर सांपडलें तें १९५२ सालीं, डेन्मार्कच्या राजधानींत, एका भयंकर साथीच्या ऐन भरांत. आणि तें ज्यानें दिलें तो त्या रोगाचा तज्ज्ञ नव्हता. तो भूल देणारा डॉक्टर होता. ती हकीकत समजण्यासाठीं आधीं श्वास घेतांना छातींत काय घडतें, तें पाहिलें पाहिजे.

लोहाराचा भाता बहुतेकांनीं पाहिलेला असतो. त्याचीं दोन पातीं उघडलीं कीं आंत पोकळी होते व हवा आपण होऊन तींत शिरते; पातीं मिटलीं कीं तीच हवा नळीवाटें निखाऱ्यांवर जाते. माणसाची छाती हा असाच एक भाता आहे. फुगण्यासाठीं लागणारे स्नायु फुप्फुसांना स्वतःचे नसतात. फासळ्यांमधील स्नायु छातीचा पिंजरा वर उचलतात, आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो खालीं सरकतो. आंतील जागा वाढली कीं तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी होतो, आणि सुमारें अर्धा लिटर हवा नाकावाटें आंत ओढली जाते. स्नायु सैल पडले कीं फुप्फुसें आपल्या लवचिकपणानें आकसतात व हवा बाहेर पडते. थोडक्यांत, निरोगी माणूस हवा आंत ढकलीत नाहीं, ओढून घेतो. ओढणें आणि ढकलणें यांतला हा फरक वाचकानें लक्षांत ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवतींच फिरते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. श्वासाचें काम प्राणवायु आंत नेण्याचें, एवढें सर्वांना ठाऊक असतें. पण शरीराच्या ज्वलनांतून निघालेला कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर टाकणें हें त्याचें तितकेंच मोलाचें दुसरें काम होय. हा वायु आंत सांचत गेला तर रक्त आंबट होतें, अंगाला घाम सुटतो, रक्तदाब चढतो, गुंगी येते व अखेर हृदय थांबतें. आणि यांतली फसगत अशी, कीं त्याच वेळीं रोग्याला वरून भरपूर प्राणवायु मिळत असला तर त्याचे ओठ छान गुलाबी दिसतात. पाहणाऱ्याला वाटतें, सर्व ठीक आहे.

बाहेरून ढकललेल्या हवेनें फुप्फुसें फुगतात, हें १५४३ सालीं आंद्रेआस व्हेसालियस यानें आपल्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथांत नमूद करून ठेवलें होतें. जनावराच्या श्वासनलिकेला भोंक पाडून तींत वेताची नळी घालावी व फुंकावें, म्हणजे फुप्फुस वर येतें आणि मंदावलेलें हृदय पुन्हां जोर धरतें, असें त्याचें निरीक्षण होतें. त्यानंतर दोनशें वर्षें या निरीक्षणाचें कोणी फारसें चीज केलें नाहीं. अठराव्या शतकांत कालव्यांत व नद्यांत बुडणाऱ्यांची संख्या पाहून आम्स्टरडॅम येथें १७६७ सालीं आणि लंडन येथें १७७४ सालीं बुडालेल्यांना वांचविण्यासाठीं मंडळें निघालीं. त्यांनीं घरोघर शेगडी फुंकण्यासाठीं असणारा भाताच हातीं घेतला. परंतु १८२७ च्या सुमारास लरॉय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें दाखवून दिलें, कीं भाता जोरानें दाबला तर जनावराचें फुप्फुस फाटतें व तें जागच्या जागीं मरतें. झालें! हवा ढकलण्याची पद्धत बदनाम झाली व सुमारें शतकभर मागें पडली. ही बदनामी अगदींच खोटी नव्हती, हें पुढें कळून येईल.

मग उरला दुसरा मार्ग, निसर्गाचा. छाती बाहेरून ओढून मोठी करण्याचा. १९२८ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांतील फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांनीं पत्र्याची एक हवाबंद पेटी तयार केली. रोगी तींत उताणा निजे. डोकें तेवढें बाहेर व मानेभोंवतीं रबराचा घट्ट गळपट्टा. घरांतली धूळ ओढणाऱ्या विजेच्या झाडूयंत्रांतील पंख्यांनीं पेटींतील हवा ओढली कीं रोग्याची छाती फुगे आणि नाकातोंडांतून वारा आंत शिरे; हवा परत सोडली कीं छाती खालीं बसे. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयांत पोलिओनें बेशुद्ध पडलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीला या पेटींत ठेवलें, आणि कांहीं मिनिटांत ती शुद्धीवर आली. पुढें निमोनियानें ती दगावली. पण मरणाच्या दारांतून माणूस क्षणभर तरी परत आणतां येतो, हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. लोकांनीं या पेटीला नांव दिलें ‘लोखंडी फुप्फुस’.

पेटीची किंमत जबर होती. १९३१ सालीं जॉन एमर्सन यानें तिची सुटसुटीत व स्वस्त आवृत्ति काढली, तेव्हां पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या; त्यांत एमर्सन जिंकला. ऑस्ट्रेलियांत एडवर्ड बोथ यानें प्लायवूडची पेटी बनविली, आणि ती पाहून इंग्लंडांतील मोटार-कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनीं १९३८ सालीं जाहीर केलें, कीं ब्रिटिश साम्राज्यांतील जें रुग्णालय मागेल त्याला ही पेटी आपल्या कारखान्यांत करून मोफत देऊं. मोटारी जेथें बनत तेथें छात्या हलविणाऱ्या पेट्या बनूं लागल्या.

या पेट्यांनीं हजारों जीव वांचविले, हें निर्विवाद. पण त्यांची एक बाजू लंगडी होती. पोलिओचा विषाणु मज्जारज्जूंतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्यांनाच खातो. कधीं तो केवळ पाय लुळे करतो, कधीं छातीचे स्नायु. आणि मस्तकाच्या तळाशीं, मेंदूच्या देठापर्यंत चढला तर घसा लुळा पडतो. असा रोगी थुंकी गिळूं शकत नाहीं कीं खोकूं शकत नाहीं. त्याला लोखंडी फुप्फुसांत घातलें तर पेटी हवेबरोबर ती थुंकीही छातींत ओढते, आणि कोरड्या बिछान्यावर पडल्या पडल्या तो बुडून मरतो.

कोपनहेगन येथें १९५२ च्या उन्हाळ्यांत आलेली साथ नेमकी याच जातीची होती. शहरांतील सांसर्गिक रोगांचें रुग्णालय, ब्लेगडॅम, येथें ऐन भरांत रोज पन्नासपर्यंत नवे रोगी येत होते आणि त्यांत मुलांचा भरणा फार. जुलै ते डिसेंबर या काळांत अडीच हजारांहून अधिक रोगी दाखल झाले; त्यांपैकीं तीनशेंहून अधिक जणांना श्वासासाठीं किंवा गिळण्यासाठीं मदत लागली. रुग्णालयाजवळ सामग्री काय? मोठी पेटी एक, आणि नुसत्या छातीवर बसविण्याचीं कवचें सहा. प्रमुख वैद्य डॉ. लासेन यांच्या हाताखालीं पहिल्या ३१ अशा रोग्यांवर उपचार झाले. त्यांतले २७ मेले. रोज सकाळीं कोणाला यंत्र द्यावें आणि कोणाला देऊं नये, हें ठरविण्याची पाळी त्या डॉक्टरांवर आली.

लासेन यांचे सहकारी डॉ. ब्यॉर्नेबो यांना एक आठवण झाली. त्याच वर्षीं धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या मुलावर उपचार करतांना ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञाची मदत घेतली होती. त्यानें मुलाचे आंचके औषधानें थांबवून हातानें हवा पुरविली होती. इब्सेन कांहीं काळ बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयांत शिकून आलेला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याचे स्नायु लुळे करून रबरी पिशवीनें त्याचा श्वास चालवावयाचा, हें त्याचें रोजचें काम. लासेन यांना ही सूचना फारशी रुचली नाहीं, असें म्हणतात. सांसर्गिक रोगांच्या दवाखान्यांत भूल देणाऱ्याचें काय काम? तरी २५ ऑगस्टला बैठक झाली.

इब्सेननें मृतांचे कागद चाळले व शवविच्छेदनें पाहिलीं. फुप्फुसें बऱ्याच अंशीं चांगलीं होतीं. मग माणसें मेलीं कशानें? रक्ताच्या तपासणींत कार्बन डायॉक्साइडाचा एकूण सांठा वाढलेला दिसे. त्याचा अर्थ तेथले वैद्य असा लावीत, कीं रक्तांत क्षार वाढला आहे, म्हणजे हा पोलिओचाच कांहीं गूढ विकार असावा. इब्सेननें त्याच आंकड्याचा उलटा अर्थ लावला: हा सांठा श्वास अपुरा पडल्यामुळें कोंडलेल्या वायूचा आहे. प्राणवायु मिळतो, म्हणून ओठ गुलाबी. पण धूर बाहेर जात नाहीं, म्हणून चूल विझते. रोग्यांना पोलिओनें मारलें नव्हतें. त्यांना हवा कमी पडली होती.

दोन दिवसांनीं, २७ ऑगस्टला, त्याला परीक्षेसाठीं एक रोगी देण्यांत आला. बारा वर्षांची मुलगी. हातपाय लुळे, ताप चढलेला, अंग निळें पडलेलें, घशांत थुंकी भरलेली. तिच्या गळ्याला खालच्या बाजूस भोंक पाडून श्वासनलिकेंत नळी घालण्यांत आली. त्या नळीच्या टोंकाभोंवतीं एक लहानसा रबरी फुगा होता. तो फुगविला कीं वरची थुंकी खालीं उतरत नाहीं व खालचा वारा वर निसटत नाहीं. (या फुग्याच्या नळीची ख्याति करण्यासाठीं अमेरिकेंत आर्थर गेडेल नांवाच्या भूलतज्ज्ञानें आपल्याच कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, माशांच्या कांचेच्या टाकींत पाण्याखालीं बुडवून दाखविलें होतें. कुत्रें पुढें जागें झालें, अंग झाडून चालतें झालें. त्याचें नांवही ‘एअरवे’, म्हणजे श्वासमार्ग, असें ठेवलेलें होतें.) पण मुलगी गुदमरून धडपडूं लागली. तिच्या छातीनें अशी आडमुठी धरली, कीं पिशवी दाबूनही हवा आंत जाईना. जमलेले डॉक्टर एकेक करून खोलीबाहेर पडूं लागले. इब्सेननें अखेर भुलीचें औषध टोंचलें. मुलीची धडपड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला. आणि मग पिशवी दाबतांच छाती सहज वरखालीं होऊं लागली. रंग परतला, घाम थांबला, नाडी ठिकाणावर आली. खात्री करून घेण्यासाठीं तिला पुन्हां जुन्या छातीच्या कवचावर ठेवून पाहिलें, तेव्हां प्राणवायु मिळत असूनही कार्बन डायॉक्साइड चढूं लागला. पिशवी परत लावली, तो उतरला. वाद मिटला. ती मुलगी अपंग राहिली खरी, पण पुढें बरींच वर्षें जगली.

आतां प्रश्न उरला तो निराळाच. पिशवी दाबावयाची कोणीं? आपोआप दाबणारें भरंवशाचें यंत्र रुग्णालयांत नव्हतें. श्वास तर रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालवावयाचा. तेव्हां विद्यापीठांतील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावणें गेलें, पुढें दंतवैद्यकीच्याही. साथ ओसरेपर्यंत सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळ्या लावून हें काम केलें. त्यांच्या तासांची बेरीज १,६५,००० भरली. एके वेळीं सत्तरपर्यंत रोगी अशा हातांवर जगत होते. विद्यार्थी खाटेशेजारीं स्टुलावर बसून, मिनिटाला पंधरावीस वेळां, रबरी पिशवी दाबीत राही. पिशवींत प्राणवायु व नत्रवायु निम्मेनिम. मोकळ्या हातानें तो मुलाला गोष्ट वाचून दाखवी. नळी गळ्यांत असल्यामुळें मुलाला बोलतां येत नसे. डोळ्यांनीं व ओठांनीं तें सांगे, कीं अमळ जोरानें, अमळ हळू. कित्येक विद्यार्थी विशीही न ओलांडलेले. आणि कांहीं जणांच्या हातांत पिशवी असतांनाच पलीकडचा जीव गेला. अशा रात्रीनंतर तो मुलगा सकाळीं घरीं जाऊन झोपला कसा असेल, याची नोंद आंकड्यांत सांपडत नाहीं.

मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८७ होतें, तें निम्म्याहून खालीं उतरलें. प्रयोगशाळेंत पौल आस्ट्रुप हे रक्ताचा आंबटपणा मोजून वायूचा हिशेब काढीत असत. आज प्रत्येक अतिदक्षता विभागांत जी रक्तवायूंची तपासणी दिवसांतून अनेकदां होते, तिचा उगम या धांवपळींत आहे. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९५३ मध्यें, इब्सेननें कोपनहेगनच्या नगरपालिकेच्या रुग्णालयांत एक स्वतंत्र दालन उघडलें. अत्यवस्थ रोगी, मग तो कोणत्याही रोगाचा असो, एकाच ठिकाणीं ठेवावयाचा व त्याच्याजवळ रात्रंदिवस शिकलेलें माणूस बसवावयाचें, अशी त्याची रीत. अतिदक्षता विभागाचा हा पहिला अवतार मानला जातो.

विद्यार्थ्यांच्या हातांची जागा लवकरच यंत्रांनीं घेतली. स्वीडनचे डॉ. एंगस्ट्रॉम यांनीं ठरलेलें माप ठरलेल्या गतीनें ढकलणारें यंत्र बनविलें, आणि तेव्हांपासून ढकलण्याच्या पद्धतीनें ओढण्याच्या पद्धतीला मागें टाकलें. १९५६ सालीं डॅनिश भूलतज्ज्ञ रूबेन व अभियंता हेस्से यांनीं आपण होऊन फुलणारी पिशवी बाजारांत आणली. तिला वायूची टाकी लागत नाहीं. दाबली कीं हवा देते, सोडली कीं पुन्हां भरते. रुग्णवाहिकेंत, प्रसूतिगृहांत, रस्त्यावरील अपघातांत ‘अँबू’ म्हणून जी पिशवी दिसते, ती हीच. वीज गेली असतां मोठमोठ्या यंत्रांच्या शेजारीं आजही हीच टांगलेली असते, आणि असावी.

लोखंडी फुप्फुसांचा अस्त मात्र यंत्रांनीं केला नाहीं, लशीनें केला. साल्क यांची लस १९५५ सालीं आली, मागाहून सेबिन यांची तोंडावाटें द्यावयाची. भारतांतील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमध्यें आढळला, आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. १९५२ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें आजारी पडलेले पॉल अलेक्झांडर हे लोखंडी पेटींत राहून वकील झाले, तोंडांत धरलेल्या काडीनें टंकलेखन करून त्यांनीं आत्मचरित्र लिहिलें, आणि मार्च २०२४ मध्यें ७८ व्या वर्षीं वारले.

लरॉयच्या जनावरांकडे आतां परत यावें लागतें. ढकललेली हवा फुप्फुसाला इजा करते, ही त्याची तक्रार दीडशें वर्षांनीं पुन्हां वर आली. १९६७ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं अशा रोग्यांचें वर्णन केलें, ज्यांचीं फुप्फुसें अपघात किंवा जंतुसंसर्गानंतर पाण्यानें भरून स्पंजासारखीं जड होतात. अशा फुप्फुसाचा थोडासाच भाग हवेला मोकळा असतो. त्यांत निरोगी माणसाचें माप, किंबहुना त्याहून मोठें माप, ढकलण्याची तेव्हां रीत होती. सारा जोर त्या उरल्यासुरल्या चांगल्या भागावर येई व तोही फाटे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत ८६१ रोग्यांचे दोन गट पाडले. एकाला वजनाच्या दर किलोमागें १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला फक्त ६. वजन येथें उंचीवरून काढलेलें धरावयाचें, कारण लठ्ठपणानें फुप्फुसें वाढत नाहींत. साठ किलोंच्या माणसाला पूर्वीं ७२० मिलिलिटर मिळत, आतां ३६०. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३९.८ वरून ३१ वर आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ हात आवरता घेतला.

तसाच दुसरा उपाय रोग्याला पालथें निजविण्याचा. उताण्या माणसाच्या पाठीकडील फुप्फुस हृदयाच्या व पोटाच्या भारानें दबून राहतें. पालथें केल्यावर तें उघडतें. २०१३ सालीं फ्रान्समधील डॉक्टरांनीं दाखवून दिलें, कीं अत्यवस्थ रोग्यांना रोज सोळा तासांच्या आसपास असें ठेवलें तर पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यु निम्मे होतात. २०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां मुंबईपुण्याच्या रुग्णालयांतही पालथ्या रोग्यांच्या रांगा दिसूं लागल्या आणि नातेवाईक बावरले. एका रोग्याला नळ्यांसकट पालथा करावयाला चारपांच माणसें लागतात व एकानें केवळ नळी धरून उभें राहावयाचें असतें.

प्रत्येकाच्या गळ्यांत नळी घालावी लागते असें मात्र नाहीं. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांच्या फुप्फुसांत साबणाच्या फेसासारखा जो पातळ थर असावयाचा, तो नसतो. त्यामुळें दर उच्छ्वासाला हवेचे कोश मिटून चिकटतात, हें मेरी एलन एव्हरी व जीअर मीड यांनीं १९५९ सालीं ओळखलें. १९७१ सालीं जॉर्ज ग्रेगरी यांनीं उपाय काढला, कीं बालकाचा श्वास त्याचा त्यालाच घेऊं द्यावा, फक्त नळींत थोडा दाब कायम ठेवावा, म्हणजे कोश मिटणार नाहींत. याचें सर्वांत साधें रूप पाहण्यासारखें आहे. नाकांत बसविलेल्या नळीचें दुसरें टोंक पाण्याच्या बाटलींत पांच सेंटिमीटर बुडवावयाचें. पाणी जितकें खोल तितका दाब, आणि बुडबुडे येत आहेत तोंवर सर्व ठीक. मोजमापाचें याहून स्वस्त साधन सांपडणें कठीण. मोठ्यांतही झोपेंत घोरतां घोरतां ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्यासाठीं सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं नाकावरील मुखवट्याचा असाच उपाय प्रसिद्ध केला. त्यासाठीं वारा कोठून आणला? झाडूयंत्राच्या मोटारींतून! त्या गरीब यंत्रानें वैद्यकाची ही दुसऱ्यांदां केलेली चाकरी.

प्राणवायु तर सर्वांत निरुपद्रवी, अशी समजूत असते. ती महाग पडली. १९४० नंतरच्या दशकांत मुदतपूर्व बालकांना पेटींत मनसोक्त प्राणवायु देण्याची प्रथा पडली, आणि जगभर हजारों मुलें त्यामुळें आंधळीं झालीं. १९५४ च्या सुमारास प्रयोगानें कारण सिद्ध झाल्यावरच ती प्रथा मोडली. तेव्हांपासून प्राणवायु औषधासारखा मापून द्यावयाचा असतो. हें मापन जपानचे ताकुओ आओयागी यांच्या युक्तीमुळें सोपें झालें. बोटांतून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तांतील प्राणवायु ओळखण्याची रीत त्यांनीं १९७४ च्या सुमारास शोधली. २०२० सालीं तें चिमट्याचें यंत्र घरोघर थर्मामीटरच्या शेजारीं येऊन बसलें. तें कार्बन डायॉक्साइड मोजत नाहीं, हें मात्र विसरूं नये. कोपनहेगनची फसगत त्याच्या साक्षीनें पुन्हां होऊं शकते.

आणि यंत्र कितीही शहाणें असलें तरी तें टाकीच्या नळाला जोडलेलें असतें. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिक येथील एका रुग्णालयांत द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली व पुरवठ्याचा दाब उतरला. यंत्रें जागेवर होतीं, वीज होती, डॉक्टर होते. किमान २२ रोगी दगावले. श्वासयंत्रांची संख्या वर्तमानपत्रांत छापून येते. नळ, झडपा, टाक्या आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांची मोजदाद सहसा कोणी करीत नाहीं.

घरांतील माणसाला ‘यंत्रावर ठेवलें’ असें कळलें, कीं बहुतेक कुटुंबें दोनपैकीं एका टोंकाला जातात. कोणी समजतात, आतां संपलें. कोणी समजतात, आतां यंत्र बरें करील. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. यंत्र निमोनिया बरा करीत नाहीं, विषही उतरवीत नाहीं. औषधांना व शरीराला काम करण्यास तें अवधि मिळवून देतें. हा अवधि फुकटचा नसतो. श्वासपटलाला काम उरलें नाहीं, कीं तें थोड्या दिवसांतच दुबळें होऊं लागतें. नळीच्या वाटेनें जंतु शिरतात. म्हणून रोज सकाळीं झोपेचें औषध थांबवून रोगी जागा होतो काय, स्वतः श्वास घेतो काय, हें पाहण्याची पद्धत आतां रूढ झाली आहे. नातेवाइकांनीं डॉक्टरांना रोज एवढेंच विचारावें, कीं आज ही परीक्षा झाली काय आणि तींत काय दिसलें. भिंतीवरील हिरव्या रेघांकडे टक लावून बसण्यापेक्षां हा प्रश्न अधिक कामाचा.

कधीं कधीं तो अवधि निरर्थकही ठरतो. मूळ रोग हटण्याची आशा नसतां केवळ छाती हलत राहते. यंत्र लावण्याची विद्या आली, त्याबरोबर तें केव्हां काढावें हा प्रश्नही आला. भूलतज्ज्ञांनीं तो १९५७ सालीं थेट रोमला पोपपुढें नेला, आणि असाधारण उपाय चालू ठेवण्याचें बंधन नाहीं, असें उत्तर त्यांना मिळालें. भारतांत सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं सन्मानानें मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कांतच येतो असें ठरवून, शुद्धींत असतांना आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली; त्या वेळची किचकट प्रक्रिया २०२३ सालीं पुष्कळ सोपी करण्यांत आली. घरांतील वडील मंडळी धडधाकट असतांनाच हा विषय काढणें आपल्याकडे अशुभ मानतात. त्यामुळें तो निघतो तो दवाखान्याच्या जिन्यांत, रात्रीं दोन वाजतां, आणि तेव्हां ज्याचें मत हवें तोच बोलूं शकत नसतो.

बोलूं शकत नसतो, तें नेहमीं बेशुद्धीमुळें असतें असें नाहीं. वारा गळ्यांतील स्वरपट्ट्यांना वळसा घालून किंवा त्यांना दाबून नळींतून जातो, म्हणून आवाज उमटत नाहीं; ऐकूं मात्र सर्व येतें. खाटेशेजारीं उभें राहून खर्चाची किंवा वांटणीची चर्चा करणाऱ्यांना हें ठाऊक असावें. पाटी व पेन्सिल, किंवा मोठ्या अक्षरांत क ख ग लिहिलेला एक पुठ्ठा, एवढें जवळ ठेवलें तर रोग्याला तहान लागली, पाठ दुखते, दिवा डोळ्यांवर येतो, हें सांगतां येतें. नळी काढण्याचा दिवस उजाडला, कीं त्याला उठवून बसवितात, घशांतली थुंकी ओढून घेतात, फुग्यांतली हवा काढतात व जोरानें खोकण्यास सांगतात. त्या खोकल्याबरोबर नळी बाहेर येते. मग परिचारिका त्याला नांव विचारते. नांव तिच्या कागदावर लिहिलेलेंच असतें. तिला आवाज ऐकावयाचा असतो. तो घोगरा, फाटका येतो. बहुतेक जण त्यापाठोपाठ पाणी मागतात, आणि गिळतां येतें कीं नाहीं हें पाहून मगच तें चमच्यानें देतात.